सामायिक कार्यालयातली ट्रेडमिल: आधी फरशीचा विचार करा

नमस्कार. टेबलाखाली सरकवून ठेवायच्या ट्रेडमिलबद्दल, म्हणजे जिला बाजारात वॉकिंग पॅड म्हणतात तिच्याबद्दल, आज बोलायचे आहे. पण घरातल्या नव्हे, तर दहा-बारा जण एकाच दालनात बसतात अशा कार्यालयातल्या.

तिचा उपयोग खरा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. जेम्स लेव्हिन यांनी सहकाऱ्यासह २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लठ्ठपणा असलेल्या १५ जणांची खुर्चीत बसून काम करताना ताशी सरासरी ७२ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली, तर ताशी सुमारे पावणेदोन किलोमीटर वेगाने चालत काम करताना १९१. हा वेग म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेची चाल. तिने दम लागत नाही. टंकलेखनात मात्र चुका वाढतात, म्हणून वाचन आणि बैठका चालताना, हिशेबाचे तक्ते बसूनच, असे मी ठरवून घेतले आहे.

खरा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. मोटरचा आवाज अगदी कमी, म्हणून मी निर्धास्त होतो. एके दिवशी शेजारच्या ताईंनी मला त्यांच्या खुर्चीत बसवले, दुसऱ्या सहकाऱ्याला पट्ट्यावर चालायला लावले आणि टेबलावरच्या स्टीलच्या पेल्याकडे बोट दाखवले. प्रत्येक पावलागणिक पाण्यावर बारीक वलय उठत होते, आणि हे त्या आठवडाभर सोसत होत्या! हवेतून येणारा आवाज हेडफोनने थोपवता येतो; टाचेचा धक्का मात्र फरशीतून टेबलाच्या पायांत आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो. त्यामुळे यंत्र दालनाच्या मधोमध न ठेवता, जिथे स्लॅब कमी हलतो अशा खांबाजवळ किंवा तुळईवर ठेवावे, खाली जाड रबरी चटई अंथरावी आणि मऊ तळव्याचे बूट घालावेत. आम्ही हे केल्यावर पेल्यातले पाणी जवळजवळ स्थिर राहिले. तरीही चालण्याच्या वेळा ताईंना विचारूनच ठरवल्या.

पट्ट्यावर उभे राहिल्यावर आपली उंची वाढते, हे विसरू नका. नेहमीच्या टेबलावर काम केल्यास पाठ वाकते. कोपर काटकोनात राहील इतके वर उचलता येणारे टेबलच हवे.

शेवटी, संध्याकाळी निघताना प्लग काढून ठेवा. सफाईला येणाऱ्या मावशी पट्ट्यावर पाय ठेवूनच पलीकडची खिडकी पुसतात.