लॅपटॉपवर डीजे म्हणजे नुसतं बटण दाबायचं ना?

(टेबलावर दोन टर्नटेबल, मधे मिक्सर, बाजूला उघडा लॅपटॉप आणि त्यातली गाणी हातानं चालवायचा चाकं-बटणांचा एक छोटा डबा, कंट्रोलर.)

नमस्कार मंडळी!

मागच्या सीझनला पुण्यात धायरीला एका हळदीत मी वाजवत होते. टेबल मांडलं, लॅपटॉप उघडला, हेडफोन गळ्यात अडकवले. एक काका आले, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, डीजे कुठंय?" म्हटलं, काका, मीच. "अहो नाही, डीजे, डीजे!" असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पसरून भिंतीएवढा आकार दाखवला.

काकांचं काहीच चुकलं नाही. आपल्याकडे डीजे हा माणूस नसतोच. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. 'यंदा मंडळानं डीजे आणलाय' म्हटलं की कुणी पाहुणा आलाय असं आपल्या मनातही येत नाही. खाली सातारा-कोल्हापूरकडे त्याच भिंतीला डॉल्बी म्हणतात. त्या भिंतीमागे टेबलाशी एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आज त्या माणसाबद्दल बोलू. आणि त्याच्यावर नेहमी होणाऱ्या एका आरोपाबद्दल: "तबकड्यांवर वाजवायचे ते खरे डीजे. तुम्ही लॅपटॉपवाले काय, सिंकचं बटण दाबता आणि हात वर करता." सिंक म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण.

आरोप खरा की खोटा ते नंतर. आधी तबकडीवर काय करावं लागायचं ते बघू, म्हणजे त्या बटणानं नेमकं काय गिळलं ते कळेल.

(टर्नटेबलवर हात ठेवते.)

हे टेक्निक्सचं एसएल-१२०० घराण्यातलं टर्नटेबल. माझं नाही, मित्राकडून उसनं आणलंय, त्यामुळे आज मी अतिशय सभ्यपणे वागणार आहे. हे मॉडेल १९७२ मध्ये आलं, तेही घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. १९७९ मध्ये त्याची एमके-२ आवृत्ती आली आणि तिच्यात ही उजवीकडची उभी सरकपट्टी आली. हिच्यावर वेग ८ टक्क्यांनी वाढतो किंवा ८ टक्क्यांनी कमी होतो. दुसरी गंमत खाली आहे. यात मोटर आणि थाळी यांच्यात रबरी पट्टा नाही, मोटर थेट थाळीच्या पोटात. वर ही फेल्टची चकती आणि तिच्यावर रेकॉर्ड. आता बघा, रेकॉर्ड मी बोटानं धरून ठेवली तरी खालची थाळी फिरतेच आहे. बोट सोडलं... लगेच पूर्ण वेगात! म्हणजे गाणं मला हवं त्या क्षणी सोडता येतं.

हे का हवं होतं? ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीला गाणी लावली. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून तीच तारीख धरतात. हर्कनं एक गोष्ट हेरली होती. गाण्यात नुसत्या ड्रमचा तुकडा आला की नाचणारे पेटून उठतात आणि काही सेकंदांत तो तुकडा संपतो. आपल्याकडे लावणीत ढोलकीचा तुकडा सुरू झाला की शिट्ट्या पडतात ना, अगदी तसं. मग हर्क एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घ्यायचा. इकडचा तुकडा संपला की तिकडचा सुरू, तोवर इकडची मागे फिरवायची. संपूच द्यायचा नाही!

आता वेगवेगळी गाणी जोडायची तर? समजा चालू गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२४ चं. पुढचं साधारण सव्वातीन टक्के मागे ओढायचं. पण हे आकडे रेकॉर्डवर लिहिलेले नसतात. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानानं हॉलमधलं गाणं, आणि बोटानं ही पट्टी केसभर वर, केसभर खाली. मिनिटाला एका ठोक्याच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक राहिली, तर मिनिटभरानं दोन गाणी ५० मिलिसेकंदांनी सरकलेली असतात. ऐकायला कसं वाटतं? एकाच्या जागी दोन ढोलकीवाले बसलेत आणि दुसरा प्रत्येक थापेला जिना चढून येतोय. घोड्याच्या टापांसारखं.

शिवाय रेकॉर्डचा वेग वाढवला की सूरही चढतो. साधारण ६ टक्के वाढवलंत की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये गेलं. पेटी शिकलेल्यांना कळेल काय गोंधळ होतो तो.

(लॅपटॉपकडे वळते.)

आणि हा लॅपटॉप. गाणं आत टाकलं की सॉफ्टवेअर ते आधीच पूर्ण वाचतं, ठोके कुठे पडतात याच्या खुणा करून ठेवतं. सिंक दाबलं की दोन्ही गाण्यांचे ठोके एकावर एक बसतात. की-लॉक लावला की वेग बदलूनही सूर जागचा हलत नाही. पापणी लवायच्या आत. म्हणजे बटणानं गिळलं ते हे: प्रत्येक गाण्यामागे मिनिट-दीड मिनिटाची कानाची मेहनत, आणि ती जमण्यासाठी घरी घातलेले काही महिने. ते काही थोडं नाही. उगाच कशाला नाकारायचं?

माझं म्हणणं इतकंच की ते मिनिट-दीड मिनिट कुठे गेलं, हा खरा प्रश्न आहे. तबकडीवाला त्या वेळात जुळणी करायचा. लॅपटॉपवाल्याचा तो वेळ मोकळा झाला. मग तो समोर बघतो का? आजी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागल्यात, पोरं पाणी प्यायला गेलीत, नवरीच्या मैत्रिणी आत्ता कुठे आल्यात, हे त्याला दिसतं का? बहुतेकांना नाही दिसत. ते स्क्रीनमध्ये घुसलेले असतात. सेराटो नावाच्या सॉफ्टवेअरवरून डीजे लोकांतच एक शब्द पडलाय, 'सेराटो फेस'. तोंडावर निळसर उजेड, भुवया वर, रेल्वेचं तिकीट बुक करत असल्यासारखे हावभाव. माझा राग त्या चेहऱ्यावर आहे, सिंकवर नाही.

एक मधला रस्ताही आहे. तो मला फार आवडतो, म्हणून जरा दाखवते.

(एक रेकॉर्ड सुईखाली ठेवते. तार लागल्यासारखा एकसुरी आवाज येतो.)

ऐकलंत? हीईईई. या रेकॉर्डवर गाणं नाहीच, १ किलोहर्ट्झचा हा सूर आहे फक्त. हा सूर लॅपटॉपला पाठवायचा. मी रेकॉर्ड हळू केली... सूर उतरला. लॅपटॉप समजतो, वेग कमी झाला. उलटी फिरवली तर? डाव्या आणि उजव्या बाजूचा सूर थोडा पुढे-मागे कोरलेला आहे. कोणता आधी येतोय यावरून त्याला दिशा कळते. आणि सुरातच गुंफलेल्या खुणांवरून सुई रेकॉर्डवर नेमकी कुठे आहे तेही कळतं. मग लॅपटॉपमधलं कुठलंही गाणं माझ्या हाताखालच्या या तबकडीसारखं वागायला लागतं. २००० च्या आसपास ॲमस्टरडॅममध्ये फायनल स्क्रॅच नावानं ही युक्ती आकाराला आली, २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोनं स्वतःची काढली. आणि १०-१२ किलोच्या रेकॉर्डच्या पेट्या वाहणाऱ्यांच्या पाठी सुटल्या! ३२० केबीपीएसचं, म्हणजे चांगल्या दर्जाचं, चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास जातं. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये तीन हजार गाणी आरामात.

पण सुई ती सुईच. तिच्यावर धूळ बसली की लॅपटॉप भांबावतो. लक्ष्मी रोडवर हलत्या ट्रकवर, शेजारी भिंतीएवढे बेस, तिथे सुई रेकॉर्डवर टिकवून दाखवा, मी वडापाव देईन.

आता आपल्या गाण्यांकडे येते. इथे परदेशी व्हिडिओ आपल्याला काहीच सांगत नाहीत.

सिंक कशावर चालतं? ठोके सारख्या अंतरावर आहेत या भरवशावर. मशिनवर बनलेल्या गाण्यांत ते असतात. पण जुनी मराठी गाणी काढा. कोळीगीत, लावणी, जुना जागर. समोर माणसं बसून वाजवायची. ढोलकीवाला रंगात आला की लय वाढणारच. पहिल्या कडव्यात ९८ असलेलं गाणं शेवटी १०४ वर पोचलेलं असतं. सॉफ्टवेअरनं खुणा केल्यात एकाच वेगाच्या. मग पहिलं कडवं जुळतं आणि तिसऱ्यात टापा सुरू! काही सॉफ्टवेअर बदलत्या लयीच्या खुणा करू शकतात, काहींत हातानं कराव्या लागतात. एका गाण्याला माझी वीस-वीस मिनिटं जातात.

त्यात दादरा. सहा मात्रांचं गाणं सॉफ्टवेअर मुकाट्यानं चार-चारच्या घरांत बसवतं. मग ठोके जुळतात, सम जुळत नाही. ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाय अडखळतात. कधी ८५ च्या गाण्याला लॅपटॉप १७० म्हणतो, ते तर रोजचंच. तिथे सिंक बंद करून हातानंच वाजवावं लागतं, तबकडीवाल्यांसारखं. म्हणून मी नवीन मुलांना सांगते, पहिले तीन महिने सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लावा. धायरीच्या हळदीत तुम्हाला कोळीगीत लावावं लागणारच आहे.

त्याच हळदीचं पुढचं ऐका. नऊ वाजले होते, सगळे रंगात, आणि स्पीकरमधून कट्, कट्, कट्. केबल तपासली, कंट्रोलर काढून परत लावला, घाम फुटला. शेवटी लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघते तर बॅटरी ९ टक्के! नवरदेवाच्या मामांनी माझा चार्जर काढून तिथे मोबाईल लावला होता. "पाचच मिनिटं गं." लॅपटॉप गेला बॅटरी सेव्हरवर, प्रोसेसर मंदावला आणि आवाजाचे तुकडे पडायला लागले. चूक मामांची नाही, माझी. तेव्हापासून बॅटरी सेव्हर बंद, वायफाय बंद, अपडेट बंद, आणि प्लगवर लाल चिकटपट्टी. शिवाय खिशात एक फोन, त्यात अर्ध्या तासाची गाणी जोडून ठेवलेली.

त्या 'कट् कट्'चं दुसरं कारण बफर. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पाठवतो. साठा १,०२४ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप) ठेवला तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबानं २३ मिलिसेकंद उशीर होतो. २५६ ठेवला तर सहाच्या आत, पण लॅपटॉप जुना असेल तर धापा टाकतो. नुसती गाणी जोडायची असतील तर २३ ला घाबरू नका. आठ मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो! स्क्रॅच, म्हणजे बोटानं मागेपुढे घासून आवाज काढणं, करायचं असेल तर मात्र बोट आणि आवाज यांतली ती फट जाणवते. आणि याच कारणासाठी एक छोटा स्पीकर स्वतःजवळ मागून घ्या. लांबच्या स्पीकरवर ठोके जुळवायला गेलात तर कान फसतो.

कार्यालयातल्या जुन्या वायरिंगवर लॅपटॉपचा ॲडॉप्टर जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो, तो अर्थिंगचा. त्यासाठी प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून कापू नका, शॉक बसेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत आवाजाच्या लाइनवर लावायचा आयसोलेटर मिळतो, तो घ्या.

गाणी मात्र नीट घ्या. व्हिडिओवरून उतरवलेलं १२८ केबीपीएसचं गाणं फोनवर खपून जातं, मोठ्या स्पीकरवर झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या येतात. त्याचं ३२० करून गेलेलं काही परत येत नाही. मिसळीत नंतर कितीही पाणी घाला, तर्री वाढत नाही.

घ्यायचं काय? लॅपटॉप आहे तो वापरा, मिक्स (Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दोन चाकांचा साधा कंट्रोलर पुरे. टर्नटेबल परवडत असेल तर जरूर घ्या, जुन्या बाजारात रविवारी सकाळी रेकॉर्ड चाळण्यासारखं सुख नाही. पण त्यासाठी शिकणं अडवून ठेवू नका.

चला, दहाला अजून बारा मिनिटं आहेत, त्यानंतर सोसायटीचे काका येतील. डावीकडे मशिनवरचं गाणं, १००. उजवीकडे जुनी लावणी. सिंक बंद, स्क्रीन खाली करते.

(लॅपटॉपची स्क्रीन अर्धी मिटते. एक कान हेडफोनला.)

सोडते... एक, दोन, तीन, आता. बसली? बसली. थांबा, दुसरं कडवं येऊ द्या. हां, ऐका, ढोलकी पुढे पळाली. चाकावर बोट, थोडं मागे... अजून थोडं... ही आली समेवर. परत पळतेय बघा!