लाइट गेली तेव्हा

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा नाजूक आहे. प्रेम मोडलेल्या माणसानं सिनेमा बघावा का? बघावा. पण एकट्यानं नको, कुणाला तरी शेजारी बसवून. हे मी आज दोनतीनदा सांगणार आहे.

माझा एक मामेभाऊ आहे, तासगावकडचा. नाव सांगत नाही, तो रेडिओ ऐकतो. गोष्ट १९९० च्या आसपासची. जिला त्यानं मनात धरलं होतं तिचं लग्न दुसरीकडं ठरलं आणि गड्यानं जेवण टाकलं. मामीनं त्याला सांगलीला आमच्याकडं धाडलं. मी व्हीसीआर भाड्यानं आणला. तेव्हा एका रात्रीत तीन कॅसेटी बघितल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं नाही. त्यात गुलजारांचा ‘इजाजत’ होता, १९८७ चा. वेगळे झालेले नवरा-बायको कित्येक वर्षांनी एका स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये समोरासमोर येतात, बाहेर पाऊस. आम्ही सगळे चटईवर, आजोबांच्या हातात भडंगाचा करकरणारा पुडा. नसीरुद्दीन शाह आणि रेखा जरा बोलायला लागतात तोवर लाइट गेली.

अंधारात आजी म्हणाली, “पुढं काय हुतंय रं?”

भावानं तो सिनेमा कधी बघितलाच नव्हता. तरी सांगायला लागला. ती म्हणे दर बाजारादिवशी एसटी स्टँडवर यायची. शेवटच्या दिवशी पावसात तिनं आपली छत्री त्याच्या हातात दिली, आणि परत मागितलीच नाही. पाऊण तास बोलला. रेखा एसटी स्टँडवर कशाला येईल, हे कुणीच विचारलं नाही. आजीनं एवढंच विचारलं, “छत्री कुठं हाय आता?”

“माळ्यावर.”

मध्यरात्री लाइट आली. थोड्या वेळानं ते गाणं लागलं, ‘मेरा कुछ सामान’. त्यातली मुलगी आपलं सामान परत मागते, आणि सामान काय, तर एकाच छत्रीत दोघं अर्धे अर्धे भिजले होते ती वेळ! भाऊ उठून न्हाणीत गेला. नळ बराच वेळ चालू होता. तो येईपर्यंत आजीनं कॅसेट थांबवायला लावली.

गाणं आशाताईंचं. १९३३ सालचा त्यांचा जन्म आपल्या सांगलीतला, हे मी संधी मिळेल तिथं सांगते. या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सिनेमा जुना आहे, शेवट सांगितला म्हणून रागावू नका. सकाळी शशी कपूर येतो, रेखाचा आताचा नवरा. जाताना ती पहिल्या नवऱ्यालाच विचारते, निघायची परवानगी मागते. भाऊ म्हणाला, “हिनं विचारलं तरी.” मग बऱ्याच वेळानं म्हणाला, “मी तरी तिला कुठं विचारलं होतं?”

सकाळी दोन बशा पोहे खाल्ले आणि गेला. बागेची छाटणी तोंडावर होती.

सिनेमानं दुःख जातं असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या नावावर आपलं बोलता येतं, एवढंच. पण ऐकायला कुणीतरी पाहिजे. म्हणून परत सांगते, एकट्यानं नको. कानात बोळे घालून मोबाइलवर तर नकोच. आणि तिथं मध्यंतरही नसतं. मध्यंतर पाहिजे, माणूस तोंड धुऊन येतो.

तर तेच गाणं लावायला सांगितलंय. भडंगाचा पुडा आधीच सोडून ठेवा, मध्ये करकर नको.