कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडा

नमस्कार मंडळी. उन्हाळा लागला की तुमचा प्रश्न ठरलेला: "टाकी भरलीय, गवत नवं घातलंय, तरी रात्री अंग चिकचिक का करतं?"

बेसिक झटपट सांगते. घाम वाळला तरच अंग थंड होतं. लिटरभर घाम वाळताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो. बाकी पाणी प्या, दुपारचं ऊन टाळा, हे तुम्हाला पाठच आहे.

आता कूलर. गवतातून आत येणारी हवा गार होते, पण ओलीही होते. त्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नको का? दारं-खिडक्या लावल्या की खोलीत दमटपणा कोंडतो.

परभणीच्या एका ताईंची कमेंट आहे, "खिडकी उघडली तर गारवा जातो ना!" ताई, तो हिशोब एसीचा. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडा.

अजून पटत नसेल तर आकडे घ्या. दुपारी 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 24 च्या आसपास थांबतो. कूलरची धाव तिथवरच. मृगाच्या तोंडावर 34 अंश आणि 60 टक्के असलं, की तोच आकडा 27 च्या वर जातो. बंद खोलीत तुम्ही एप्रिलमध्येच जून आणता, तेही टँकरचं पाणी ओतून! माझा खरंच जीव तुटतो. जूनमध्ये पाण्याची मोटर बंद ठेवा, नुसता पंखा चालवा.

जालन्यात माझ्या मावशीचं पत्र्याचं घर आहे. कूलर चालू असला तरी डोक्यावरून झळ लागते. मोबाईलवरचं तापमान सावलीतल्या हवेचं असतं, तापलेल्या पत्र्याची झळ त्यात धरलेली नसते. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, फरक पडतो.

हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणजे हवामान तापत जाईल तसा पुढं दमट उकाडा वाढणार आणि कूलर लवकर हरणार. घरातलं म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजत असलं, तर कूलरच्या भरवशावर बसू नका. 108 ला फोन लावा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकत वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.