काटा तर पंधरावर होता!

विषय दिलाय, अळिंबी म्हणजे मशरूम ज्यात वाढवतो त्या पिशव्यांचं निर्जंतुकीकरण आणि संसर्ग टाळणं. संसर्गाकडे येतोच, पण आधी मला एका काट्याबद्दल बोलायचंय, पिशव्यांना दाबाखाली वाफ देतो त्या यंत्रावरच्या. बरेच दिवस मनात साचलंय.

अळिंबीच्या कुठल्याही फार्मवर जा. लॉट खराब झालेला असतो आणि मालक सांगतात, “काटा तर पंधरावर होता!” म्हणजे दोष दाण्यांवर वाढवलेल्या बियाण्याचा, पावसाळी हवेचा, नाहीतर कामावरच्या पोराचा. (हशा) हसताय म्हणजे तुमच्याकडेही तेच पोर आहे.

अहो, काटा दाब दाखवतो, तापमान नाही. 15 पौंडांना 121 अंश सेल्सिअस हे गणित निव्वळ वाफेचं. आत हवा कोंडली असेल तर काटा तिचाही दाब धरतो. निम्मीच हवा गेली असेल, तर त्याच 15 पौंडांना 112 अंशांच्या आसपास मिळतात. आणि बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू चिवट असतात.

एका ठिकाणी मला बोलावलं होतं. नशिबाने पिशव्यांवर थरांप्रमाणे खुणा केलेल्या होत्या. वरच्या पांढऱ्याशुभ्र, तळाच्या मधोमध असलेल्या चिकट, ओलसर, आंबट वासाच्या. मालक म्हणाले, पोराने हात धुतले नसतील. मी म्हटलं, हे पोर फक्त तळाच्याच पिशव्यांना हात न धुता शिवतं का? हवा वाफेपेक्षा जड, ती खाली बसते. त्यात पिशव्या ठासून भरलेल्या. वाफेने शिरायचं कुठून? झडप उघडी ठेवायची, जोराची सलग वाफ येऊ द्यायची, मगच बंद करायची. कुकरलासुद्धा वाफ सुटल्यावरच शिट्टी लावतो ना आपण? मालक इंजिनिअर होते, हे जाता जाता सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

पिशवी पॉलिप्रोपिलीनची घ्या, साधी एलडीपीई प्लास्टिकची 121 ला टिकत नाही. गार होताना पिशवी बाहेरची हवा आत ओढते, म्हणून पिशवीत भरायचं काड, म्हणजे पेंढा, कापता त्या शेडमध्ये ती गार करू नका. आतला भाग 30 अंशांखाली आल्यावरच बियाणं टाका, नाहीतर तेच भाजेल. हातांना आणि टेबलाला 70 टक्के अल्कोहोल.

धिंगरी अळिंबीच्या काडाला 121 लागत नाही, पाश्चरीकरण, म्हणजे त्याहून कमी तापमानाला तापवणं, पुरतं. तिथे काही जिवाणू मागे राहतात आणि ते नको असलेल्या बुरशीला सहज जागा देत नाहीत. पूर्ण निर्जंतुक काड उघड्यावर भरलंत, तर पहिली येईल ती ट्रायकोडर्मा, हिरवी बुरशी.

डाग कुठे आहे ते बघा. तोंडाशी असेल तर कापसाचा बोळा किंवा बियाणं टाकतानाची हवा. दाण्यादाण्याभोवती असेल तर बियाणंच दूषित. आत खोलवर, विखुरलेला असेल तर उष्णता पोचली नाही.

आणि हिरवी पिशवी उघडून वास घ्यायचा नाही. बंदच्या बंद बाहेर न्यायची, पुन्हा वाफ द्यायची, मग खड्ड्यात. थांबतो, चिठ्ठीवाले आता स्वतःच उठलेत.