तीन नंबर म्हणजे तीन सूत: बारीक साइडची कटिंग सांगायची कशी

(दुकानाची खुर्ची, मागं आरसा. हातात मशीन, बंद.)

"दादा, असं मारा." खुर्चीत टेकायच्या आधीच पोरगं मोबाइल पुढं करतं. स्क्रीनवर कुणीतरी फुटबॉलवाला. मी फोटो बघतो, मग पोराकडं बघतो. फोटोतल्या गड्याचे केस दाट, कटिंग होऊन अर्धा तास झालेला, अंगावर दिव्यांचा उजेड. आपला गडी शेतातून मोटारसायकलवर आलेला, डोक्यावर दोन भोवरे, अन् परवा साखरपुडा.

फोटो दाखवू नका असं मी म्हणत नाही. दाखवा, अन् जमलं तर मागून काढलेलाही दाखवा. पण फोटो बघून मला तुमची आवड कळते. मशीन कुठं थांबवायची, ते त्यात नसतं. परभणीत खुर्चीमागं उभं राहून मला बारा वर्षं झाली. या काळात जेवढी भांडणं झाली, त्यातली बहुतेक दोन गोष्टींवरून. नंबर कितीचा, अन् कुठपर्यंत. आज तेवढंच बोलू. शेवटी थोडं क्रीम-जेलचं.

आधी नंबर. (मशीन कॅमेऱ्याजवळ.) हे पातं. त्यावर ही प्लास्टिकची फणी बसते, आम्ही तिला गार्ड म्हणतो. तिच्यावर आकडा असतो, 1, 2, 3, 4. हे आकडे मिलिमीटर नाहीत. तुमच्या गावातला सुतार किंवा गवंडी सूत वापरतो की नाही? इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. मशीनचा एक नंबर म्हणजे बरोबर एक सूत केस. 1 नंबर साधारण 3 मिलिमीटर, 2 नंबर 6, 3 नंबर साडेनऊ, 4 नंबर अर्धा इंच, अन् 8 नंबर पूर्ण एक इंच. अशी विजेवरची मशीन अमेरिकेत लिओ वॉल नावाच्या माणसानं 1919 च्या सुमारास आणली. तिकडं माप इंचात, म्हणून हा हिशेब आठव्या भागाचा. आपल्याकडं सूत आधीपासून होतंच, पण दुकानात कुणी "तीन सूत ठेवा" म्हणत नाही. म्हणायला पाहिजे खरं तर.

आता घरचा ट्रिमर घ्या. दाढीचा. त्याच्या चाकावर पण 1, 2, 3 असतं, अन् तिथं बहुतेक वेळा ते मिलिमीटरच असतात. म्हणजे ट्रिमरचा तीन हा दुकानातला एक.

हे मी कसं शिकलो ते ऐका. 2020 चा लॉकडाऊन, दुकानं बंद, केस वाढून सगळे साधूबाबा झालेले. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, धाकटा भाऊ कापायलाय, साइडला किती लावू?" मी म्हणालो, तीन लाव, सेफ राहतंय. भावानं चाक तीनवर फिरवलं अन् कानाच्या वर एकच पट्टा ओढला. स्क्रीनवर मला फक्त छत दिसत होतं, पण आवाज आला, "आई गं." मग मोबाइल वळला. कानशिलापासून मागपर्यंत बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा, दोन्हीकडं चार-चार इंच केस. वणवा पसरू नये म्हणून रानात मधे जाळरेषा काढतात ना, तसं. चूक माझी होती. मी तीन सूत म्हणत होतो, तो तीन मिलिमीटर ऐकत होता. सगळं डोकं त्याच मापावर आणावं लागलं. त्याची आजी म्हणे विचारत होती, घरात काही झालं का बाबा. तेव्हापासून फोनवर कुणी विचारलं की मी आधी म्हणतो, मशीन दाखव.

(खुर्चीतून उठून आरशाकडं.)

आता कुठपर्यंत. तुम्ही पण करा हे, हातात कंगवा घ्या. कानाच्या वर डोक्याच्या बाजूला तो उभा, सपाट टेकवा. खालून डोकं कंगव्याला चिकटून राहतं, अन् एका ठिकाणी आत वळून कंगवा सोडून देतं. दिसलं? ते हाडाचं वळण. सगळ्या कटिंगचा बांध तिथं आहे. मशीन त्याच्या खालीच थांबली तर डोकं डोक्यासारखं दिसतं. त्याच्या वर चढली की वरचे केस टोपी ठेवल्यासारखे दिसतात. काही जणांना तेच पाहिजे असतं, त्याला अंडरकट म्हणतात, खालचं अन् वरचं मिसळायचंच नाही. पाहिजे असेल तर जरूर करा. पण मागितला फेड अन् मिळाला अंडरकट, असं होऊ नये.

फेड म्हणजे खाली कातडी दिसेपर्यंत बारीक, अन् वर जाता जाता हळूहळू दाट. लो फेड कानाच्या जरा वर संपतो, मिड कानशिलापाशी, हाय त्या वळणापाशी. टेपर म्हणजे फक्त कल्ले अन् मानेवरचा भाग बारीक होत जातो, बाकी साइडला केस राहतात. ऑफिसला जाणारा असेल, पहिल्यांदा बारीक करत असेल, घरी वडील नाक मुरडणार असतील, तर मी टेपरच सुचवतो.

अन् कातडीपर्यंत जायच्या आधी एकदा हात फिरवून डोकं ओळखा. आपल्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात लहानपणची खोक आहे. झाडावरून पडलेली, उंबऱ्यावर आपटलेली, भावानं विटी मारलेली. खोकेच्या खुणेवर केस येत नाहीत. वरून दोन इंच केस असतात तोवर कुणाला पत्ता नसतो, 1 नंबर मारला की पांढरी रेघ चमकते. मागून डोकं चपटं असलं तर तेही उघडं पडतं. लहानपणी आजीनं मोहरीच्या उशीवर झोपवून डोकं गोल केलेलं असतं, पण सगळ्यांचं होतच असं नाही. मागून चपटं असेल तर तिथं केस ठेवायला सांगा, फेड मानेपाशीच थांबवा. त्या जाडीनं गोलाई येते.

आपल्या भागातली अजून एक गोष्ट. उन्हानं तोंड रापलेलं असतं, केसाखालची कातडी मात्र गोरी. एप्रिल-मे मध्ये ताजा स्किन फेड मारला की कानावर पांढरा पट्टा, खाली सावळा गाल. लग्नाच्या फोटोत हळदीपेक्षा तो पट्टाच उठून दिसतो. म्हणून नवरदेवाला मी सांगतो, कार्याच्या पाच-सहा दिवस आधी ये. आदल्या दिवशी फक्त दाढी अन् मानेची लव काढू.

त्या पाच-सहा दिवसांत काय होतं? केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आठ-दहा दिवसांत 3 मिलिमीटर, एक सूत. आता गंमत बघा. साइडला 3 नंबर असेल तर दहा दिवसांनी तो 4 होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरवर घासलेला फेड दहा दिवसांत साडेतीनवर जातो, सातपट. सगळी छटा गेली. म्हणून जेवढं बारीक तेवढ्या लवकर पुन्हा खुर्चीत. दुकानदार म्हणून मला ते परवडतं, तुमचं तुम्ही बघा. तालुक्याला महिन्यातून एकदाच येणं होत असेल तर 2 किंवा 3 नंबरचा टेपर घ्या.

पण ज्यांचे केस ताठ अन् सरळ आहेत त्यांनी थांबा. तुमच्या साइडला 4-5 नंबर ठेवला की केस खाली बसत नाहीत, आडवे उभे राहतात, साळिंदरासारखे. तुम्हाला 2 च्या खालीच यावं लागतं.

चेहऱ्याचं पटकन सांगतो, कारण त्यावर लोक उगं फार डोकं लावतात. गोल चेहरा असेल तर साइड घट्ट, वर थोडी उंची. चेहरा लांबट असेल तर उलटं, साइडला 3-4 राहू द्या अन् वर पिसारा नको, नाहीतर दुधी भोपळा. कान बाहेर आलेले असतील तर कानाभोवती कातडीपर्यंत जाऊ नका. टाळू विरळ झाली असेल तर साइड बारीक करा. बाजूचं दाट रान कमी झालं की वरचं विरळही भरल्यासारखं वाटतं. आडवे केस ओढून टक्कल झाकायच्या भानगडीपेक्षा हे शंभर पटीनं बरं.

भोवऱ्याला मात्र वेळ द्या. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे तुम्हाला पण घरात ऐकवलं असेल. लग्नाचं मला माहीत नाही, कटिंग मात्र दुप्पट अवघड. भोवऱ्यावरचे केस वर्तुळात उगवतात, त्यामुळं तिथं आखूड कापले की उभे राहतात अन् मग पाणी लावा, तेल लावा, ऐकत नाहीत. शिकाऊ असताना मी एका शाळेतल्या सरांचा भोवरा असाच उडवला होता. दीड महिना ते टोपी घालून वर्गात गेले. एक तर भोवऱ्यावर दोन-अडीच इंच ठेवा म्हणजे वजनानं बसतात, नाहीतर थेट सोल्जर कट. मधलं काही नको.

(बेसिनपाशी. टॉवेल, डबी.)

आता वरचे केस बसवणं. ओल्या केसातले बारीक बंध सुटतात, अन् वाळताना केस ज्या दिशेला असतील तसेच ते पुन्हा जुळतात. म्हणून अंघोळ करून ओल्या डोक्यावर हेल्मेट किंवा रुमाल घट्ट बांधून निघालात की ऑफिसात पोचेपर्यंत केस चप्पट सेट झाले. दहा मिनिटं लवकर उठा. टॉवेलनं टिपून घ्या, पंख्याखाली बोटांनी मुळापासून उलट्या दिशेनं वर उचलत वाळवा. ड्रायर असेल तर उत्तम. पूर्ण वाळल्यावर मग रुमाल, अन् तोही सैल.

क्ले किंवा वॅक्स, म्हणजे डबीतली केस बसवायची घट्ट क्रीम, घ्यायचं हरभऱ्याच्या दाण्याएवढं. तळहातावर चोळायचं, दिसेनासं होईपर्यंत. सुरुवात मागून करायची, कपाळावरून नाही. पुढून सुरू केलं की सगळा गोळा भांगावर बसतो. बारीक, विरळ केसांना चमक नसलेलं क्ले चांगलं, चमकणाऱ्या जेलमध्ये टाळू दिसते. जेल वाळल्यावर कडक होतं, हात लावला की पांढरा भुगा पडतो, अन् काळ्या शर्टावर तो कोंडाच वाटतो. खालून खोबरेल तेल चोपडलेलं असेल तर यातलं काहीच धरत नाही. तेल रात्री लावा, सकाळी धुवा.

धुण्याचं पाणी बोअरचं असेल तर क्षारामुळं शाम्पूला फेस येत नाही अन् केस राठ लागतात. शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा घ्या, फरक जाणवतो. बाकी मे महिन्यात दुपारी दोन वाजता परभणीच्या स्टँडवर उभे असाल तर कुठलंही क्ले टिकणार नाही. घामानं केस पुन्हा ओले झाले की वरचं सगळं बसतं. साइड नीट कापलेल्या असल्या की तरी माणूस बरा दिसतो.

(परत खुर्चीपाशी.)

तर बसल्यावर असं बोला: "साइडला 2, कानशिलापर्यंतच. मागं मानेपाशी मिसळून द्या, सरळ लाइन नको. भोवऱ्यावर कमी करू नका." सरळ लाइन पहिल्या दिवशी झकास दिसते, आठवड्यात तिच्याखाली लव उगवली की मान मळकी दिसते. कल्ल्याला ब्लेड लावणार असतील तर नवीन टाकायला सांगा, लाजू नका.

अन् शेवटी मी मागून छोटा आरसा धरतो, तेव्हा बघा तरी. दहातले नऊ जण आरशात न बघताच "मस्त, मस्त" म्हणतात अन् घरी जाऊन बायकोला विचारतात. अंगावर कापड आहे तोवर सांगा, दोन मिनिटांचं काम असतं. कापड झटकलं की रविवारच्या गर्दीत पुढचा माणूस खुर्चीवर बसलेला असतो.