तांबडी माती, सुजलेला पाय आणि निलगिरीचं तेल

[दृश्य: नांगरट, अनवाणी पावलं]

इथिओपियाचं पठार. ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेली ही तांबडी, चिकट माती पीक भरभरून देते. पण वर्षानुवर्षं तिच्यात अनवाणी राबलं, की खनिजांचे बारीक कण कातडीतून आत शिरतात आणि लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, खराब करतात. पाय सुजू लागतो, आधी पाऊल, मग पोटरी. या आजाराचं नाव पोडोकोनिओसिस. डासाचा, जंताचा इथे काही संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्याला होतही नाही. तरी लोक लांब बसतात.

[दृश्य: पाय, जवळून]

बोटांच्या बेचक्या बघा, कातडीच्या या वळ्या बघा. ओल इथेच धरून राहते. एवढीशी भेग पडली तरी जंतूंना पुरते. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, काम बंद. असं प्रत्येक दुखणं सूज आणखी वाढवून जातं. म्हणून रोज साबणाने पाय धुवायचा, मग जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पातळ केलेलं ब्लीच वापरतात. ते विकत आणावं लागतं, संपलं की उपचार थांबतो.

[दृश्य: निलगिरीची झाडी, भट्टी]

आणि दाराशी उभी आहे निलगिरी. मूळची ऑस्ट्रेलियाची, सम्राट दुसरा मेनेलिक याच्या राजवटीत, 1895च्या सुमारास, सरपणासाठी इथे आली. तिची पानं भट्टीत जाळीवर दाबून भरतात. खाली पाणी उकळतं. वाफ पानांमधून वर चढते आणि तेल सोबत घेऊन नळीत शिरते. नळी गार पाण्यातून जाते, वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बाटलीत त्यावर तेलाचा पिवळसर थर जमतो. पोतंभर पाल्याचं तेल जेमतेम वाटीभर. यातलं सिनिओल हे द्रव्य, किंवा इथल्या रानटी थाइम या सुगंधी झुडपाच्या तेलातलं थायमॉल, जंतूंचं आवरणच सैल करतं. शिवाय जखमेची दुर्गंधी झाकली जाते. माणसांत बसायचं तर तेही महत्त्वाचं.

नुसतं तेल मात्र कातडीला लावायचं नाही, ती पोळते. पाण्यातही ते मिसळत नाही, म्हणून मलमात किंवा साध्या तेलात थोडंसंच घालायचं.

[दृश्य: पट्टी, मोजे, बूट]

सूज तेलाने उतरत नाही. त्याला पट्टी आणि बूट लागतात. पायांची अशी निगा राखली तर तापाचे झटके कमी होतात, हे इथल्याच 2018च्या चाचणीत दिसलं. आता तेल आणि ब्लीच यांची समोरासमोर मोठी चाचणी व्हायला हवी, याच गावांमध्ये.