परंपरा नेमकी किती जुनी?

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॅथॉलिक श्रद्धा : परंपरा आणि नूतनीकरण’. विषयाकडे येतोच, पण आधी एक तक्रार मांडू द्या. बरीच वर्षं मनात आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेचं, नाव काढलं की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, परिषदेनं जुनं सगळं मोडीत काढलं, बरं झालं. दुसरा म्हणतो, जुनं सगळं मोडीत काढलं, वाटोळं झालं. जुनं मोडलं यावर मात्र दोघांचं एकमत! मला तेच मान्य नाही. परिषदेआधीची वीस-तीस वर्षं ज्यांनी नूतनीकरणाची पायाभरणी केली, ती माणसं परंपरेत आकंठ बुडालेली होती. दी लुबाक आणि दानिएलू या फ्रेंच जेझुइट धर्मपंडितांनी १९४२ मध्ये, फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना, काय हाती घ्यावं? पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांचे, म्हणजे आद्य ख्रिस्ती आचार्यांचे, ग्रंथ नव्यानं छापायचं काम!

ईस्टरच्या आदल्या दिवसाचं, पवित्र शनिवारचंच बघा. रात्री आपण चर्चबाहेर अंधारात उभे असतो. अग्नी पेटतो, त्यावर ती उंच मेणबत्ती पेटवतात, मग तिची ज्योत हातोहात मागच्या रांगेपर्यंत येते. लहान मुलांच्या बोटांवर मेण सांडतं, आया दटावतात. मग स्तोत्र सुरू होतं : हीच ती रात्र, याच रात्री ख्रिस्त मृत्यूची बंधनं तोडून उठला. आता इथल्या ज्येष्ठांना विचारतो, तुमच्या लहानपणी हा विधी किती वाजता व्हायचा? बघा, त्या आजी मान हलवतायत. सकाळी! शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात ‘हीच ती रात्र’ गायची, तीही लॅटिनमध्ये. हसू येतं खरं, पण शेकडो वर्षं हे असंच चाललं होतं. रात्रीचा विधी शतकाशतकानं अलीकडे सरकत गेला. त्यात पोप पाचव्या पायसनं १५६६ मध्ये दुपारनंतर मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, करायला मनाई केली आणि सकाळ पक्की झाली. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसनं तो आधी प्रयोग म्हणून पुन्हा रात्री नेला, १९५५ च्या आदेशानं सगळीकडे लागू केला. सकाळची सवय जडलेल्या माणसाला ही नवी टूम वाटणार. पण पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक ईस्टरला रात्रभर जागतच होते. मग परंपरा कुठली, सकाळची की रात्रीची?

आणि लॅटिनचं म्हणाल, तर रोममधली उपासना आधी ग्रीकमध्ये होती. चौथ्या शतकात ती लॅटिनमध्ये आली, कारण लोक लॅटिन बोलत होते. आपल्याकडे जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. येशूची कथा ओवीत आली, पण वेदीवर मराठी यायला साडेतीनशे वर्षं लागली. तोवर फादर लोकांकडे पाठ करून पुटपुटायचे आणि बाया रोजरी, म्हणजे मण्यांची जपमाळ, म्हणायच्या. त्यांच्या भक्तीला मी नावं ठेवत नाही. पण मिस्सा त्यांची होती, आणि शब्द मात्र त्यांचे नव्हते.

आता इव्ह काँगार. यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. डोमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरू आणि धर्मपंडित, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पाच वर्षं. सुटल्यावर, १९५० मध्ये, ख्रिस्तसभेतली, म्हणजे चर्चमधली, खरी सुधारणा आणि खोटी सुधारणा कशी ओळखावी यावर ग्रंथ लिहिला. रोमनं पुढची आवृत्ती आणि भाषांतरं अडवली. १९५४ मध्ये शिकवणं बंद झालं. जेरुसलेम, केंब्रिज, स्ट्रासबुर्ग अशी पाठवणी होत राहिली. आतून ते फार दुखावले होते, पण संघ सोडला नाही, लिहिणं सोडलं नाही. १९६० मध्ये पोप तेविसाव्या जॉननी त्यांनाच परिषदेच्या तयारीसाठी सल्लागार नेमलं. पुढे परिषदेच्या कितीतरी दस्तऐवजांत त्यांचे कष्ट आहेत. १९९४ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ते कार्डिनल झाले. त्यांच्या मते खऱ्या सुधारणेला प्रेम लागतं, सभेशी ऐक्य लागतं, धीर लागतो आणि मूळ परंपरेकडे परतावं लागतं. चारही गोष्टी त्यांनी स्वतः जगून दाखवल्या.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा धावतच मांडावा लागणार.

परंपरा म्हणजे निव्वळ सवय नव्हे. इंग्रज धर्मपंडित न्यूमन यांनी १८४५ मध्येच मांडलं की शिकवण वाढते, उलगडते, पण वाढताना स्वतःशी इमान राखते. परिषदेनं १९६५ मध्ये देवाच्या प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात तेच म्हटलं : प्रेषितांकडून आलेली परंपरा पवित्र आत्म्याच्या साह्यानं ख्रिस्तसभेत वाढत जाते, श्रद्धावंतांच्या चिंतनातून आणि अभ्यासातून. उपासनेवरचा दस्तऐवज १९६३ मध्ये २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्यात लोकभाषेला वाट दिली आणि लॅटिन जपावी असंही लिहिलं. जुन्या, परिषदेआधीच्या लॅटिन मिस्सेवर प्रेम करणाऱ्यांना २००७ मध्ये पोप बेनेडिक्टनी मोकळीक दिली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी ती आखडली. या वादात मी परिषदेच्या मिस्सेच्या बाजूचा आहे, पण जुन्या मिस्सेत ज्यांना देव भेटतो त्यांना हिणवणं मला पाप वाटतं.

शेवटचं उदाहरण डीकनांचं, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या दीक्षित सेवकांचं. पश्चिमेकडे डीकनपद हजार वर्षं धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी होऊन राहिलं होतं. परिषदेनं ते स्थायी पद म्हणून परत आणलं, विवाहित पुरुषांसाठीही. आज मुंबईच्या धर्मप्रांतात असे डीकन आहेत, संसार सांभाळून वेदीवर सेवा करतात. स्त्रियांना हे पद मिळावं का, यावर फ्रान्सिसनी २०१६ आणि २०२० मध्ये दोन अभ्यासगट नेमले. पहिल्या शतकांतल्या स्त्री-डीकन नेमकं काय करत होत्या, इथपासून तो अभ्यास आहे. मला वाटतं, त्यांना हे पद मिळायला हवं, आणि माझी मदार त्या पहिल्या शतकांवरच आहे. आता प्रश्न विचारा.